मक्यातले अफलाटॉक्सिन: अतिनील दिवा आणि मोबाइल कॅमेऱ्याने पहिली छाननी

अफलाटॉक्सिन हे बुरशीचे विष कॅमेऱ्याला दिसत नाही. हे आधी पक्के लक्षात ठेवले तरच पुढची पद्धत उपयोगी, नाहीतर घातक. कॅमेऱ्याला दिसते ती बुरशीने मागे सोडलेली खूण. ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी मक्याच्या दाण्यात वाढताना कोजिक आम्ल तयार करते. दाणा जिवंत असेल तर त्यातल्या पेरॉक्सिडेज या विकरामुळे (एन्झाइममुळे) त्या आम्लापासून एक पदार्थ बनतो, आणि ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात तो झगझगीत हिरवट-पिवळा चमकतो. हीच बुरशी अफलाटॉक्सिनही बनवते, म्हणून चमक दिसली की विषाचा संशय घ्यायचा. पण चमकणारा पदार्थ वेगळा आणि विष वेगळे.

त्यामुळे या तपासणीचे निकाल दोनच: ‘संशय आहे, पुढची चाचणी करा’ आणि ‘या नमुन्यात संशयाची खूण दिसली नाही’. ‘माल निर्धोक आहे’ असा तिसरा निकाल या फोटोतून कधीच निघत नाही. मका खरेदी करणारी शेतकरी उत्पादक कंपनी, गोदाम किंवा खाद्य बनवणारा कारखाना यांना तरीही ही पद्धत परवडते, कारण प्रत्येक गाडीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवणे शक्य नसते आणि कोणता आधी पाठवायचा हे ठरवावे लागते.

विषय किरकोळ नाही. १९७४च्या अखेरीस राजस्थान-गुजरातच्या सीमाभागात, बांसवाडा आणि पंचमहाल परिसरात, बुरशी लागलेला मका खाल्ल्याने काविळीची साथ आली आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. गावातली कुत्रीही मेली. आज भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची (एफएसएसएआय) तृणधान्यांसाठी एकूण अफलाटॉक्सिनची मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे.

नमुना: सगळी चूक इथेच होते

नवशिक्याचे लक्ष कॅमेऱ्याकडे असते. लक्ष द्यायचे ते पोत्याकडे. अफलाटॉक्सिन मालात सारखे पसरलेले नसते. हजारो चांगल्या दाण्यांत एखादाच दाणा विषाने भरलेला असतो. हिशेब करून पाहा. एका दाण्याचे वजन साधारण ०.३ ग्रॅम. त्यात किलोला १,००,००० मायक्रोग्रॅम या तीव्रतेने विष असेल (बाधित दाण्यात याहूनही जास्त सापडलेले आहे), तर त्या एका दाण्यात ३० मायक्रोग्रॅम विष झाले. बाकी दाणे पूर्ण स्वच्छ असले तरी हा एक दाणा दोन किलो मका थेट १५च्या मर्यादेवर नेतो. दोन किलोत दाणे असतात साडेसहा हजारांच्या आसपास. म्हणजे मूठभर मका काढून फोटो घेणाऱ्याला तो दाणा सापडण्याची शक्यता जवळजवळ नाहीच.

म्हणून नमुना असा घ्या:

१. ५० किलोची १०० पोती, म्हणजे ५ टन माल असेल तर किमान ४० पोत्यांतून प्रत्येकी १०० ग्रॅम काढा. युरोपीय संघाच्या नमुना-नियमांतही ३ ते १० टनांच्या मालाला ४० ठिकाणांहून मिळून ४ किलो असेच प्रमाण आहे.

२. पोत्यात खुपसायची टोकदार पोकळ नळी वापरा आणि पोते आलटून पालटून वर, मध्ये, खाली टोचा. फक्त तोंडाकडचा माल घेतला तर तळाचा ओला भाग सुटतो. थप्पीतली भिंतीला टेकलेली आणि जमिनीलगतची पोती मुद्दाम निवडा. बुरशी तिथूनच सुरू होते.

३. सगळे ४ किलो ताडपत्रीवर ओतून ढीग करा, पसरा, चार भाग करा. समोरासमोरचे दोन भाग उचला, पुन्हा मिसळा. हातात २ किलो उरतील.

४. त्याच वेळी ओलावा मोजून लिहून ठेवा. हमीभाव खरेदीत मक्याला १४ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. परतीच्या पावसात भिजलेली कणसे घाईने मळली तर दाणा १८-२० टक्क्यांवर असतो, आणि असा माल दोन-चार दिवस पोत्यात राहिला की बुरशीला हवे ते सगळे मिळते: ओल, ऊब आणि कोंडलेली हवा. २८ ते ३३ अंश तापमान तिला सर्वांत मानवते.

आता हा मका भरडा. अख्ख्या दाण्यात चमक बहुतेक वेळा आत, अंकुराजवळ किंवा सालाखाली दडलेली असते आणि बाहेरून दिसत नाही. एका दाण्याचे तीन-चार तुकडे होतील इतकाच जाड भरडा हवा. पीठ झाले तर चमकणारा कण इतका बारीक होतो की मोजता येत नाही. भरडल्यावर बारीक चाळणीने पीठ वेगळे करा, पण फेकू नका. संशय निघाला तर प्रयोगशाळेत जाताना ते नमुन्यात परत मिसळायचे असते. आधीच्या नमुन्याचा भुगा भरड यंत्रात राहतो, म्हणून दोन नमुन्यांच्या मध्ये मूठभर स्वच्छ मका दळून टाकून द्या.

पेटी आणि दिवा

प्लायवूडची पेटी पुरते: आतून ५० बाय ४० सेंटिमीटर, उंची ४५ सेंटिमीटर, वर मोबाइलच्या भिंगापुरते भोक, पुढे काळा पडदा. आतून चकाकी नसलेला काळा रंग लावा. रंग कोरडा झाला की अतिनील दिव्याखाली बघून घ्या, काही काळे रंगही जांभळट चमकतात. ट्रे साधारण ४० बाय ३० सेंटिमीटरचा, तोही काळा.

दिवा ३६५ नॅनोमीटरचाच घ्या. नोटा तपासायच्या नावाखाली मिळणाऱ्या स्वस्त टॉर्च बहुधा ३९५ नॅनोमीटरच्या असतात. त्यांचा जांभळा प्रकाश डोळ्यांना भरपूर दिसतो, म्हणून त्या जोरदार वाटतात. प्रत्यक्षात त्या जांभळटपणात हिरवट-पिवळी खूण बुडून जाते. ३६५च्या एलईडीमधूनही थोडा दृश्य प्रकाश गळतोच. तो अडवायला दिव्यापुढे काळी दिसणारी, फक्त अतिनील जाऊ देणारी काच लावतात. बाजारात ती झेडडब्ल्यूबी-२ या नावाने मिळते. असे दोन दिवे समोरासमोरच्या बाजूंनी, ट्रेपासून २५ सेंटिमीटरवर, ४५ अंशांत बसवा. एकाच बाजूने प्रकाश दिला तर तुकड्यांच्या सावल्या पडतात आणि सावलीतली चमक मोजणीतून निसटते.

कॅमेऱ्याच्या भिंगापुढे फिकट पिवळसर फिल्टर, ४२० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश अडवणारा. त्याच्या जागी नाटकाच्या दिव्यांचा पिवळा जिलेटिन कागद लावण्याचा मोह होतो. लावा, पण तो कागद आधी दिव्याखाली धरून बघा. तो स्वतःच चमकत असेल तर सगळा फोटो धुकट येईल.

प्रकाश सारखा पडतो की नाही ते तपासायला छपाईचा साधा पांढरा कागद ट्रेभर पसरा आणि छोट्या एक्स्पोजरने, म्हणजे कॅमेऱ्यात थोडाच वेळ प्रकाश घेऊन, फोटो काढा. कागदात उजळपणासाठी घातलेली रसायने अतिनील प्रकाशात निळी चमकतात, त्यामुळे दिव्याचा पसारा कागदावर नकाशासारखा दिसतो. कोपऱ्यांचा उजेड मध्यापेक्षा फार कमी असेल, समजा ८० टक्क्यांच्या खाली, तर दिव्यांचा कोन बदला.

हाच गुण पांढऱ्या कपड्यांत असतो. डिटर्जंटने धुतलेला पांढरा सदरा घालून पेटीपाशी उभे राहिलात तर निळा उजेड आत जातो. गडद कपडे घाला. अतिनील दिव्याकडे थेट बघू नका, पॉलिकार्बोनेटचा चष्मा लावा. बुरशी लागलेला मका भरडताना एन-९५ मास्क आणि हातमोजे घालायलाच हवेत, ती धूळ फुप्फुसात जाता कामा नये.

कॅमेरा

१२ मेगापिक्सेलचा साधा मोबाइल पुरतो. चित्र ४००० बाय ३००० बिंदूंचे असेल आणि त्यात ४० बाय ३० सेंटिमीटरचा ट्रे नेमका बसला असेल तर एका मिलिमीटरला १० बिंदू मिळतात. ३ मिलिमीटरचा तुकडा ३० बिंदू रुंद येतो, मोजायला पुष्कळ. बहुतेक मोबाइलच्या मुख्य भिंगाला यासाठी ३० सेंटिमीटरच्या आसपास उंची लागते, म्हणून ४५ सेंटिमीटरच्या पेटीत ट्रे तेवढा उचलून ठेवा. रुंद कोनाचे भिंग वापरू नका, कडा ताणल्या जातात.

सगळे स्वयंचलित प्रकार बंद करा: नाइट मोड, एचडीआर, ‘एआय’ सुधारणा. अंधारातल्या फोटोतले ठिपके गोंधळ समजून पुसून टाकणे हेच नाइट मोडचे काम, आणि आपल्याला नेमके ठिपकेच हवेत. प्रो मोडमध्ये जाऊन आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १०० किंवा २००, व्हाइट बॅलन्स ५००० केल्विनवर कायम, फोकस हाताने ट्रेवर, आणि रॉ स्वरूपात, म्हणजे मोबाइलने काही न बदललेला, फोटो. एक्स्पोजर अर्ध्या सेकंदापासून सुरू करून वाढवत न्या. चमकणारा तुकडा पांढरा दिसू लागला तर एक्स्पोजर जास्त झाले; लाल, हिरवा, निळा तिन्ही भरून वाहिले की हिरवट-पिवळ्याचा पांढरा होतो आणि रंगावर आधारलेली मोजणी कोसळते. सर्वांत उजळ बिंदूही २५५ पैकी २४०च्या आत राहायला हवा. एकदा ठरलेले आकडे मोबाइलवर चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवा आणि प्रत्येक नमुन्याला तेच वापरा.

ट्रेच्या कोपऱ्यात हिरव्या चमकत्या ॲक्रिलिकचा नखाएवढा तुकडा कायमचा चिकटवा. तो प्रत्येक फोटोत येईल, आणि दिवा मंदावला किंवा कोणी सेटिंग बदलले तर त्याचा उजेड बदललेला दिसेल. एलईडी तापल्यावर उजेड घटतो, म्हणून दिवे लावून पाच मिनिटे थांबा आणि मग कामाला लागा.

फोटो आणि मोजणी

एका वेळी २०० ग्रॅम भरडा ट्रेवर एकाच थरात पसरा. दोन किलोचे दहा ट्रे होतील. कंटाळा येतो, आणि सातव्या ट्रेपासून थर जाड होऊ लागतात. वजनकाटा शेजारी ठेवून प्रत्येक वेळी मोजूनच घ्या. ट्रे न हलवता दोन फोटो काढा, एक साध्या पांढऱ्या उजेडात, एक अतिनील प्रकाशात. मग भरडा हलवून उलटापालटा करा आणि अतिनील प्रकाशात आणखी एक घ्या, कारण चमक तुकड्याच्या खालच्या बाजूला असू शकते. दोन्ही अतिनील फोटोंपैकी ज्यात जास्त तुकडे दिसले तो आकडा धरा, बेरीज करू नका.

संगणकावर इमेज-जे हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. रॉ फोटो आधी डार्कटेबल किंवा रॉथेरपीमधून टिफमध्ये बदलून घ्यावे लागतात, प्रत्येक फोटोला एकच ठरलेली सेटिंग लावून. नंतर:

१. फोटो ८ बिटच्या रंगीत स्वरूपात उघडून ‘स्प्लिट चॅनेल्स’ने लाल, हिरवा, निळा वेगळे करा.

२. ‘इमेज कॅल्क्युलेटर’ने हिरव्यातून निळा वजा करा. निरोगी मका अतिनील प्रकाशात निळसर दिसतो, तो वजाबाकीत काळा होऊन जातो. संशयित तुकडे उजळ राहतात.

३. ‘थ्रेशोल्ड’ लावा, म्हणजे किती उजळ बिंदूपासून पुढे मोजायचे ती सीमा. सुरुवातीला ४० धरा आणि ओळखीच्या नमुन्यांवर तो आकडा वर-खाली करून बसवा.

४. ‘ॲनालाइझ पार्टिकल्स’मध्ये किमान आकार ५० बिंदू द्या, म्हणजे अर्धा चौरस मिलिमीटर. त्याहून लहान ते धूळ.

५. जे तुकडे मोजले गेले ते प्रत्येक डोळ्यांनी पाहा. शक्य असेल तर चिमट्याने उचलून वेगळ्या कुपीत ठेवा.

थ्रेशोल्ड बसवायला दोन संदर्भ-नमुने लागतात: प्रयोगशाळेने बाधित ठरवलेला भरडा आणि त्याच जातीचा स्वच्छ भरडा. पांढरा मका पिवळ्यापेक्षा जास्त निळा चमकतो, तेव्हा एकाचा थ्रेशोल्ड दुसऱ्याला लावू नका. बाधित नमुना हवाबंद कुपीत डीप फ्रीझरमध्ये ठेवा, त्यावर ‘विषारी’ असे लिहा, आणि डीप फ्रीझर खाण्याच्या वस्तूंचा नसावा.

खोटी चमक, हरवलेली चमक

निळी-पांढरी चमक मोजायची नाही. ती दोऱ्याची असते, कागदाच्या कणांची, प्लास्टिकच्या पोत्याच्या धाग्याची, कधी नुसत्या पिष्टाची (स्टार्चची). काही तणांच्या बिया आणि किड्यांचे अवशेषही चमकतात. पांढऱ्या उजेडातला फोटो शेजारी ठेवला की ते लगेच ओळखू येतात. चमक खरी असूनही विष नसणे हाही प्रकार आहे: या बुरशीचे काही वाण कोजिक आम्ल बनवतात पण अफलाटॉक्सिन बनवत नाहीत. तिथे नुकसान एवढेच की एक चाचणी वाया गेली.

उलटी चूक महागात पडते. चमक तयार व्हायला दाण्यातले विकर जिवंत लागते. यांत्रिक ड्रायरमध्ये जास्त तापलेला मका नंतर गोदामात बुरशीला बळी पडला तर विष तयार होते, चमक मात्र होत नाही. शेतात आलेली चमकही साठवणीत काही आठवड्यांत फिकी पडत जाते. म्हणून ही तपासणी मळणीनंतर लगेचच्या, ताज्या मालावर करा. नोव्हेंबरात मळलेला आणि मे महिन्यात गोदामातून निघालेला मका पेटीत काळाभोर दिसला तर त्याचा अर्थ काहीच नाही. तो थेट चाचणीला पाठवा.

फ्युमोनिसिन हे मक्यातले दुसरे मोठे विष. ते फ्युजेरियम बुरशीचे, आणि या दिव्याखाली त्याचा पत्ता लागत नाही. त्याच्यासाठी पांढऱ्या उजेडातला फोटो थोडा कामी येतो: दाण्यावर गुलाबी-पांढरी वाढ किंवा टोकापासून पसरलेल्या पांढऱ्या रेषा दिसल्या तर फ्युमोनिसिनची वेगळी चाचणी मागा.

निकाल लागल्यावर

दोन किलोत एकही खरी चमक निघाली तर पुढची चाचणी. ‘किलोला इतके तुकडे म्हणजे इतके मायक्रोग्रॅम’ असा कोष्टक-हिशेब करू नका, तो एका हंगामातून दुसऱ्या हंगामात टिकत नाही. चाचणीला देताना चमकणारे तुकडे आणि वेगळे ठेवलेले पीठ नमुन्यात परत मिसळा. मग सगळे दोन किलो बारीक दळा, निदान तीन-चतुर्थांश पीठ ०.८५ मिलिमीटरच्या चाळणीतून पडेल इतके, नीट एकजीव करा, आणि त्यातून ५० ग्रॅम घ्या. जागच्या जागी तपासणीची पट्टी किंवा एलायझा संच (प्रतिपिंडांच्या मदतीने विष मोजणारा) असेल तर त्यासोबतच्या सूचनेप्रमाणे, बहुतेकदा ७० टक्के मिथेनॉलमध्ये, अर्क काढायचा असतो. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे, खिडक्या उघड्या ठेवा. व्यवहार किंवा वाद असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा एचपीएलसी (अर्कातले घटक वेगळे करून मोजणारी पद्धत) अहवालच चालतो.

बाधित ठरलेला माल वाळवून, भाजून किंवा भाकरी करून सुधारत नाही. उन्हाने ओल जाते, विष राहते. स्वयंपाकाच्या आचेवर ते नाहीसे होत नाही. चाळून आणि पाखडून तुटके, हलके, किडके दाणे काढले तर विषाचा मोठा वाटा बाहेर जातो, पण त्यानंतर नवा नमुना घेऊन पुन्हा चाचणी हवी. काढलेला कचरा गोठ्यात जाऊ देऊ नका. दुभत्या गायीने खाल्लेल्या अफलाटॉक्सिनच्या बी-१ या प्रकारापैकी साधारण १ ते ६ टक्के भाग एम-१ या रूपात दुधात उतरतो, तोही एका दिवसाच्या आत, आणि दुधातली मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम एवढीच आहे. खाद्य बदलल्यावर तीन-चार दिवसांत दूध बहुधा पूर्वपदावर येते. चांगल्या मक्यात मिसळून ‘सरासरी खाली आणणे’ हा बाजारातला जुना उपाय, आणि तो सरळसरळ भेसळीचा आहे.

दुसरी धान्ये आणि मोठी यंत्रे

पावसात सापडून काळी पडलेली खरिपाची ज्वारी पेटीत घालू नका. तिच्यावर बहुधा फ्युजेरियम, कर्व्ह्युलॅरिया, अल्टरनेरिया यांची बुरशी असते आणि हिरवट-पिवळ्या चमकेचा नियम तिथे लागू नाही. गव्हातले डीऑक्सिनिव्हॅलेनॉल हे विषही फ्युजेरियमचेच. त्यासाठी अवरक्त किरणांत शेकडो रंगपट्टे टिपणारे हायपरस्पेक्ट्रल कॅमेरे वापरतात. ९०० ते १७०० नॅनोमीटरचा तो कॅमेरा साध्या सिलिकॉन सेन्सरचा नसतो, म्हणून मोबाइलला कितीही फिल्टर लावले तरी त्याची बरोबरी होणार नाही.

मक्यात मात्र मोठ्या यंत्रांनी बरेच साधले आहे. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या संशोधकांनी ७५० आणि १२०० नॅनोमीटर या दोनच पट्ट्यांवर दाणे वेगाने निवडणारे यंत्र वापरून पिवळ्या मक्यातले अफलाटॉक्सिन सुमारे ८० टक्क्यांनी घटवल्याचे २००४ मध्ये मांडले. ब्यूलर कंपनीने २०१८ मध्ये आणलेले लुमोव्हिजन यंत्र तर आपल्या पेटीसारखीच अतिनील प्रकाशातली चमक टिपते, फक्त पडत्या दाण्यांवर आणि हवेच्या झोताने वाईट दाणा बाजूला उडवत.

स्वतःच्या फोटोंवर संगणकाला शिकवायचे असेल तर एकाच पोत्याचे फोटो शिकवण्यात आणि परीक्षेत दोन्हीकडे येऊ देऊ नका. तसे झाले की संगणक ते पोते ओळखायला शिकतो, बुरशी नाही, आणि अचूकता फुगलेली दिसते. विभागणी पोत्यांनुसार नव्हे, शेतकऱ्यांनुसार करा, जमल्यास हंगामानुसार. आणि ‘बाधित’ ही खूणगाठ डोळ्यांनी बांधायची नाही, चाचणीच्या आकड्यावरून बांधायची. त्यासाठी पहिल्या दिवसापासून प्रत्येक फोटोच्या नावात मालाचा क्रमांक, मळणीची तारीख आणि ओलावा लिहीत चला.